अणू फुटलाय, हे ओळखणारी लिझ

बारावीला सायन्स घेतलं असेल, तर ती आकृती तुम्ही वहीत नक्की काढली असेल. डावीकडून एक न्यूट्रॉन येतो, युरेनियमच्या गोळ्यावर आदळतो, गोळ्याचे दोन तुकडे होतात आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर उडतात. बाजूला बाण काढून 'ऊर्जा' असं लिहायचं. झालं, मार्क पक्के! आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, तुम्ही पान उलटू नका. या गोष्टीत फिजिक्स आहे तेवढंच राजकारण आहे, मैत्री आहे आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये नाव कुणाचं, हे आपलं सगळ्यांचं लाडकं भांडणही आहे.

ही आकृती आज इतकी साधी वाटते, की ती कुणाला तरी पहिल्यांदा सुचली असेल, हे आपल्या डोक्यातही येत नाही. ती सुचली १९३८च्या डिसेंबरमध्ये, स्वीडनमधल्या एका छोट्या गावात, बर्फात फिरायला गेलेल्या मावशी-भाच्याला. मावशीचं वय साठ. हाताशी धड लॅब नाही, हक्काचा देश नाही. पाच महिन्यांपूर्वी ती जर्मनीतून जीव मुठीत धरून पळून आली होती. तिचं नाव लिझ माइटनर. पुढे या शोधाला नोबेल मिळालं, पण ते तिच्या तीस वर्षांच्या सहकाऱ्याला. एकट्याला.

सुतारकामाच्या खोलीतली लॅब

लिझचा जन्म १८७८ चा, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नातला. आठ भावंडांत तिसरी. वडील वकील, ज्यू कुटुंब, घरात पुस्तकांचं आणि गाण्याचं वातावरण. पण त्या काळी तिथे मुलींची सरकारी शाळा चौदाव्या वर्षी संपायची. पुढे लग्न, नाहीतर शाळेत शिकवण्याची नोकरी. लिझला गणित आणि फिजिक्स आवडायचं. वडिलांनी अडवलं नाही, फक्त एक अट घातली: आधी फ्रेंच शिकवण्याची पात्रता मिळव, म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहशील. तिनं ती मिळवली. १८९७ मध्ये विद्यापीठानं मुलींना दार उघडलं, तेव्हा मुलांनी शाळेत कित्येक वर्षं शिकलेला अभ्यासक्रम तिनं खासगी शिकवणी लावून दोनेक वर्षांत उरकला. १९०१ मध्ये प्रवेश, १९०६ मध्ये फिजिक्सची डॉक्टरेट. व्हिएन्ना विद्यापीठात ती मिळवणारी ती दुसरी स्त्री.

१९०७ मध्ये ती बर्लिनला गेली. मॅक्स प्लँक यांची लेक्चर्स ऐकायची आणि थोडे दिवसांनी परतायचं, असा साधा बेत. ती राहिली एकतीस वर्षं.

बर्लिनमध्ये तिला ऑटो हान भेटला. तिच्याच वयाचा, हुशार केमिस्ट, किरणोत्सारावर काम करणारा. त्याला फिजिक्सवालं कुणीतरी हवं होतं, तिला लॅब हवी होती. अडचण एकच. हानच्या इन्स्टिट्यूटमध्ये बायकांना प्रवेशच नव्हता. शेवटी तोडगा निघाला: तळघरात सुतारकामाची एक जुनी खोली होती, बाहेरून वेगळं दार असलेली. लिझनं तिथेच काम करायचं, वर पाऊल टाकायचं नाही. बाथरूमसाठी? रस्त्यावरचं जवळचं हॉटेल गाठायचं! दोनेक वर्षांनी नियम बदलला, पण पगार सुरू व्हायला १९१२ उजाडलं. तोवर घरून येणाऱ्या तुटपुंज्या पैशांवर भागवलं. पहिली पगारी नोकरी कोणती, तर प्लँक यांची असिस्टंट म्हणून विद्यार्थ्यांचे पेपर तपासायची.

पुढचा प्रवास मात्र जोरात झाला. पहिल्या महायुद्धात ती ऑस्ट्रियाच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे नर्स होती. परतल्यावर हानबरोबर प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा शोध लावला. फिजिक्सचा स्वतंत्र विभाग तिच्या हाताखाली आला. १९२६ मध्ये ती जर्मनीतली फिजिक्सची पहिली महिला प्रोफेसर झाली. तिच्या विद्यापीठातल्या पहिल्या जाहीर व्याख्यानाचा विषय होता विश्वातल्या, म्हणजे 'कॉस्मिक' घडामोडींतलं किरणोत्साराचं स्थान. पेपरात छापून आलं 'कॉस्मेटिक'. बाई लेक्चर देणार म्हणजे विषय पावडर-लिपस्टिकच असणार, असं कुणाला तरी वाटलं असावं! (पत्रकारिता शिकणाऱ्या आम्ही सगळ्यांनी हा किस्सा डेस्कवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.)

चार वर्षं समोर होतं, कुणाला दिसलं नाही

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, एकही समीकरण नाही.

अणूच्या मधोमध असतं केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन गच्च बसलेले असतात. प्रोटॉन धनभारित, त्यामुळे बाहेरून दुसरा धनभारित कण आत घुसवायला गेलं, की केंद्रक त्याला ढकलून देतं. पण १९३२ मध्ये न्यूट्रॉन सापडला आणि खेळच बदलला. त्याच्यावर विद्युतभार नाही, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. तो थेट आत शिरतो.

१९३४ मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मीनं एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉनचा मारा सुरू केला. युरेनियमपाशी आल्यावर काहीतरी नवंच मिळालं. निसर्गात ठळकपणे सापडणाऱ्या मूलद्रव्यांत युरेनियम सर्वांत जड, ९२ प्रोटॉनचं. त्यामुळे सगळ्यांचा अंदाज एकच: न्यूट्रॉन आत गेला, म्हणजे आपण ९३ किंवा ९४ नंबरचं, युरेनियमपेक्षाही जड मूलद्रव्य बनवलं असणार. इडा नोडाक या जर्मन केमिस्ट बाईंनी तेव्हाच सुचवलं होतं, की केंद्रकाचे मोठे तुकडे झाले असण्याची शक्यताही तपासायला हवी. कुणी मनावर घेतलं नाही.

असं का झालं? कारण ती कल्पना वेडगळ वाटत होती. खिडकीवर खडा मारला तर फार तर काच फुटेल. आख्खी बिल्डिंग मधोमध दुभंगेल असं कुणी म्हणेल का? तोवरच्या प्रत्येक प्रयोगात केंद्रकातून एखादा छोटा टवकाच निघाला होता.

लिझला या कोड्यानं झपाटलं. हान तोपर्यंत दुसऱ्या कामांत होता, तिनंच त्याला मागे लागून यात ओढलं. तरुण केमिस्ट फ्रिट्झ स्ट्रासमन तिसरा भिडू. चार वर्षं तिघं युरेनियमवर मारा करत राहिले आणि मिळालेल्या पदार्थांना 'नवी जड मूलद्रव्यं' म्हणत राहिले. रोम, पॅरिस, बर्लिन, सगळीकडे अणू फुटत होता आणि सगळेच चुकीच्या ठिकाणी बघत होते. लिझसुद्धा. तिला सर्वज्ञ करून टाकलं, तर पुढे तिनं जे केलं त्याची खरी किंमत कळणार नाही.

दहा मार्क आणि एक अंगठी

दरम्यान बाहेरचं जग पेटत होतं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. लिझनं तरुणपणीच ख्रिस्ती धर्म घेतला होता, पण नाझींच्या हिशेबात जन्म महत्त्वाचा. तिचा विद्यापीठात शिकवण्याचा हक्क गेला. कितीतरी ज्यू शास्त्रज्ञ देश सोडून गेले. ती राहिली. इन्स्टिट्यूटमधलं काम चालू होतं, पासपोर्ट ऑस्ट्रियाचा असल्यानं थोडं संरक्षण होतं आणि शून्यातून उभा केलेला विभाग सोडवत नव्हता. तेव्हाच न निघाल्याबद्दल ती पुढे स्वतःला दोष देत राहिली.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला. एका रात्रीत तिचा पासपोर्ट कागदाचा तुकडा झाला. शास्त्रज्ञांना देशाबाहेर पडूच द्यायचं नाही, अशी तयारी सरकारची सुरू होती. मग मित्रांनी सूत्रं हलवली. डच फिजिसिस्ट डर्क कोस्टर तिला न्यायला बर्लिनला आला. निघायच्या आदल्या दिवशी लिझ रात्री आठपर्यंत इन्स्टिट्यूटमध्ये बसून एका ज्युनिअरचा रिसर्च पेपर दुरुस्त करत होती, कुणाला संशय येऊ नये म्हणून. १३ जुलैला ती ट्रेनमध्ये बसली. दोन छोट्या बॅगा, पर्समध्ये दहा मार्क आणि हानच्या आईची हिऱ्याची अंगठी. सीमेवर शिपायाला लाच द्यायची वेळ आली तर असू दे, म्हणून हाननं दिलेली. ती द्यावी लागली नाही. पुढे ती अंगठी लिझच्या भाच्याच्या बायकोच्या बोटात आली.

स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये तिला जागा मिळाली. जागाच फक्त. उपकरणं नाहीत, मदतनीस नाहीत, पगार जेमतेम. साठीला आलेली, युरोपात गाजलेली शास्त्रज्ञ पुन्हा सुतारकामाच्या खोलीच्या काळात पोचली होती.

बर्फातलं गणित

पण पत्रं चालू होती. बर्लिनमध्ये काय निघालं, हे हान कळवायचा, ती शंका काढायची. नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनला दोघं गुपचूप भेटले. युरेनियममधून रेडियमसारखं काहीतरी निघतंय, असं हान सांगत होता. लिझला ते पटेना. पुन्हा नीट तपासा, असं तिनं निक्षून सांगितलं.

हान आणि स्ट्रासमननं पुन्हा तपासलं आणि दोघंही हबकले. तो पदार्थ रेडियम नव्हता, बेरियम होता. युरेनियमचे प्रोटॉन ९२, बेरियमचे ५६. म्हणजे जवळपास निम्म्यावर आलेलं मूलद्रव्य! केमिस्ट्री खोटं बोलत नव्हती, पण फिजिक्समध्ये हे बसत नव्हतं. १९ डिसेंबरला हाननं लिझला पत्र लिहून सगळं कळवलं आणि याचा काही अर्थ लागतो का बघ, अशी विनंती केली.

ख्रिसमससाठी लिझ कुंगेल्व्ह या गावी मैत्रिणीकडे गेली. कोपनहेगनहून तिचा भाचा ऑटो फ्रिश आला. तोही फिजिसिस्ट. त्याला स्वतःच्या प्रयोगाबद्दल बोलायचं होतं, पण मावशीनं आधी हानचं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. फ्रिशला वाटलं, काहीतरी गडबड झाली असेल. लिझ म्हणाली, हानसारखा केमिस्ट अशी चूक करणार नाही. तीस वर्षं शेजारी बसून काम केल्याशिवाय असा विश्वास येत नाही. मग दोघं बर्फात फिरायला निघाले, तो स्कीवर आणि ती पायी, त्याच्या बरोबरीनं.

चालता चालता कल्पना आकाराला आली. केंद्रक म्हणजे दगडाचा गोळा नाही, तर पाण्याच्या थेंबासारखं काहीतरी. नील्स बोर हे थेंबाचं मॉडेल वापरत होते. थेंबाला गोल ठेवतो तो पृष्ठताण. केंद्रकालाही तसंच काहीतरी बांधून ठेवतं. पण युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन एकमेकांना सतत ढकलत असतात, त्यामुळे हा ताण जवळजवळ संपत आलेला असतो. थेंब आधीच डळमळीत. त्यात एक न्यूट्रॉन आत शिरला, की तो थरथरतो, लांबट होतो, मध्ये बारीक कंबर तयार होते आणि... दोन थेंब! म्हणजे बिल्डिंग पडायला बॉम्ब लागला नाही. ती आधीपासूनच काठावर उभी होती.

बर्फातल्या एका ओंडक्यावर बसून दोघांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर गणित मांडलं. दोन्ही तुकडे धनभारित, म्हणजे वेगळे होताच एकमेकांना प्रचंड जोरानं झिडकारणार. ती ऊर्जा आली सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. आता प्रश्न, एवढी ऊर्जा येणार कुठून? केंद्रकांची वस्तुमानं काढायची सूत्रं लिझला पाठ होती. तिनं हिशेब केला: दोन तुकड्यांचं वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा एका प्रोटॉनच्या साधारण पाचव्या हिश्शानं कमी भरत होतं. हरवलेलं वस्तुमान आइनस्टाइनच्या सूत्रात घातलं आणि उत्तर आलं तेच, सुमारे २०० दशलक्ष. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा. कोडं सुटलं होतं.

हा आकडा केवढा, हे कळायला एक तुलना. कोळशाचा, म्हणजे कार्बनचा एक अणू जळतो तेव्हा सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. एक युरेनियम अणू फुटल्यावर मिळणारी ऊर्जा त्याच्या सुमारे पाच कोटी पट!

फ्रिशनं कोपनहेगनला जाऊन बोर यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. इतकं सरळ आणि आपल्याला कसं दिसलं नाही! मग फ्रिशनं एका जीवशास्त्रज्ञाला विचारलं, पेशी दुभंगते त्याला काय म्हणता? उत्तर आलं, फिशन. तोच शब्द अणूला चिकटला. मावशी-भाच्याचा लेख फेब्रुवारी १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

पुढचा धागा इतरांनी पकडला. प्रत्येक फिशनमध्ये दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात, ते आणखी केंद्रकं फोडतात, त्यातून आणखी न्यूट्रॉन. ही साखळी. ती लगाम घालून चालवली तर अणुभट्टी: जादा न्यूट्रॉन शोषायला बोरॉन किंवा कॅडमियमच्या कांड्या, न्यूट्रॉनचा वेग कमी करायला पाणी किंवा ग्राफाइट. उष्णतेनं पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून वीज बनते ती अशीच. आणि लगाम न घालता मोकळी सोडली, तर बॉम्ब.

नाव कुणाचं?

बेरियमचा पेपर जर्मनीत ६ जानेवारी १९३९ ला छापून आला. त्यावर नावं दोन: हान आणि स्ट्रासमन. लिझचं नाही. पळून गेलेल्या ज्यू बाईचं नाव नाझी जर्मनीत पेपरवर टाकणं म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणं. इथपर्यंत समजून घेता येतं. लिझनंही घेतलं. खटकतं ते पुढचं. हा शोध निव्वळ केमिस्ट्रीचा, फिजिक्सचा त्यात वाटा नाही, असं हान म्हणू लागला. आधी भीतीपोटी म्हणत असेल, पण युद्ध संपलं, हिटलर गेला, तरी त्यानं ते बदललं नाही.

नोव्हेंबर १९४५ मध्ये जाहीर झालं: १९४४ चं केमिस्ट्रीचं नोबेल ऑटो हानला. लिझ नाही, फ्रिश नाही, स्ट्रासमनही नाही. नोबेल समितीची कागदपत्रं अनेक दशकांनी खुली झाली, तेव्हा दिसलं की केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या मधोमध असलेलं हे काम समितीला नीट तोलताच आलं नव्हतं. लिझचं नाव आयुष्यभरात चाळीसहून जास्त वेळा नोबेलसाठी सुचवलं गेलं. मिळालं एकदाही नाही. म्युनिकच्या म्युझियममध्ये तर या प्रयोगाची उपकरणं, ज्यातली बरीचशी तिच्याच विभागातली, कित्येक वर्षं हानचं टेबल म्हणून मांडलेली होती.

हानला बक्षीस मिळायलाच हवं होतं, याबद्दल लिझला शंका नव्हती. बेरियम ओळखणं हे जबरदस्त काम होतं. तिचं म्हणणं एवढंच, की काय घडलं हे समजावण्यात आपला आणि फ्रिशचा वाटा होता. तिनं मैत्री तोडली नाही. पण गप्पही बसली नाही. युद्ध संपताच तिनं हानला पत्रातून सुनावलं, की तुम्ही सगळे नाझींसाठी काम करत राहिलात आणि विरोध केलात तोही जेमतेम. मैत्री टिकवायची म्हणजे खरं बोलायचं नाही, असं तिनं मानलं नाही.

आणि बॉम्ब? १९४३ मध्ये तिला अमेरिकेतल्या लॉस अलामॉसचं, अणुबॉम्बच्या प्रकल्पाचं आमंत्रण आलं. स्टॉकहोमच्या रिकाम्या लॅबमधून थेट जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पात, जुन्या मित्रांसोबत काम! तिनं नाही म्हटलं. बॉम्बशी आपल्याला काही देणंघेणं नको. तरी ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला आणि पेपरवाल्यांनी पुन्हा घोळ घातला. बॉम्बचं गुपित घेऊन पळालेली ज्यू बाई, अशा गोष्टी रंगवून छापल्या गेल्या. अणूवर सिनेमा निघत होता, त्यात तिचं पात्र दाखवायची परवानगी तिनं दिली नाही.

१९६० मध्ये ती इंग्लंडमध्ये केंब्रिजला, भाच्याजवळ राहायला गेली. २७ ऑक्टोबर १९६८ ला ती वारली, नव्वदीला काही दिवस बाकी असताना. हान त्याच वर्षी जुलैमध्ये गेला होता.

आता पिरिऑडिक टेबल उघडा आणि खालची ओळ बघा. १०९ नंबरच्या घरात माइटनेरियम आहे. हे नाव १९९७ मध्ये पक्कं झालं. त्याच यादीत १०५ नंबरला हानियम म्हणावं, असा अमेरिकनांचा आग्रह होता. तो टिकला नाही. तिथे आज डुब्नियम आहे. त्यामुळे टेबलात लिझ आहे, हान नाही. हिशेब बरोबर झाला, असं म्हणायचा मोह होतो. पण लिझला हे चाललं असतं असं वाटत नाही. बेरियम दिसलं नसतं, तर तिला समजावण्यासारखं काही उरलं नसतं, आणि तिनं समजावलं नसतं, तर बेरियम हे एक विचित्र निरीक्षण म्हणून पडून राहिलं असतं. त्या कामात कुणी एक असिस्टंट नव्हता.

सबमिशनचे दिवस जवळ आलेत. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर नावं टाकताना, ज्यानं आकडे गोळा केले तो आणि ज्यानं त्यांचा अर्थ लावला तो, दोघंही त्यात आहेत ना, तेवढं एकदा बघून घ्या.